शॉकचा पंचनामा

चि. सोन्यास,


परवा फोनवर तू सांगितलंस, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर फ्यूज टाकताना शॉक बसला, हात कोपरापर्यंत बधिर झाला आणि सोबतची मंडळी हसून म्हणाली, "आता खरा वायरमन झालास." सांगताना तुझ्या आवाजात अभिमान होता. तुझी आई तिथेच उभी आहे हे कळत होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

ते वाक्य उमेदवारीत मीही ऐकलं आहे. आपल्या धंद्यात चहाच्या टपरीवर शॉकच्या गोष्टी रंगतात. कुणी म्हणतो, मला चारशे चाळीसचा बसला, काही झालं नाही. कुणी म्हणतो, माझं अंग करंट पचवतं. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखर बसलेला असतो आणि ती खरोखर वाचलेली असतात. पण तसाच शॉक बसून जे गेले, ते टपरीवर गोष्ट सांगायला येत नाहीत. आपल्या कानावर पडतात त्या फक्त वाचलेल्यांच्या गोष्टी, आणि त्यावरून नवा पोरगा समजून चालतो की शॉक म्हणजे चिमटा. तू तसं समजू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी हिशेब समजून घे. माणूस मरतो तो अंगातून किती करंट गेला, कोणत्या वाटेने गेला आणि किती वेळ गेला यावर. एक मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखं होतं. दहाच्या पुढे गेलं की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. यालाच आपण 'चिकटला' म्हणतो. तार माणसाला ओढत नाही, त्याचीच मूठ वळते. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने स्वेच्छेने आलेल्या लोकांवर हे मोजून पाहिलं होतं. पुरुषांची हात सोडवण्याची ताकद सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास संपते, बायकांची त्याहून आधी. तीसच्या पुढे श्वासाला आणि काळजाला धोका सुरू होतो. पन्नास ते शंभरात हृदयाचा ठोका बिघडून ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलणं थांबतं.

आता हे आकडे घरातल्या वस्तूंशी ताडून बघ. पाच वॅटचा एलईडी दिवाही वीस मिलिअँपिअरहून जास्त घेतो. म्हणजे तो इवलासा दिवा पेटायला जेवढं लागतं, तेवढ्यात माणसाची मूठ उघडत नाही. आणि घरातला सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. माणसासाठी असतो तो तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गळती झाली की तो पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. तोही एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर ओळखत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तू एक दिवाच असतोस. आणि तू काम करतोस त्या डीपीवर, खांबावर तर तोही नसतो.

अंग करंट पचवतं म्हणणाऱ्याचं काय होतं तेही सांगतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरात जातो. तोच हात घामाने भिजला, पाय ओल्या मातीत असले, की तो हजार ओहमच्या आसपास येतो. दोनशे तीस भागिले हजार कर. दोनशे तीस मिलिअँपिअर. माणूस तोच, तार तीच, व्होल्टेज तेच. सकाळी चप्पल घालून मुंग्या आल्या आणि संध्याकाळी पावसात खेळ संपला. पचवलं काहीच नव्हतं. त्या वेळी चामडी कोरडी होती, एवढंच.

मला पहिला शॉक बसला तो लहानपणी, आपल्या गावच्या पत्र्याच्या घरात. पावसाळ्यात दाराच्या कडीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. तुझी पणजी म्हणायची, "भिंतीला करंट येतोय, पायतान घालून फिरा." सगळं घर पायतान घालून फिरायचं, आणि त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. पुढे आयटीआयला गेल्यावर मी शिडी लावून वर बघितलं. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या काठावर घासून तिचं आवरण गेलं होतं. पत्रा ओला झाला की सगळं घर फेजला जोडलं जायचं. घराला अर्थिंग नव्हतं, त्यामुळे फ्यूज उडायचं कारणच नव्हतं. त्याच पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची जीआय तार बांधलेली होती. ही तार मला आजही डोळ्यांपुढे दिसते. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते ती अशाच तारेची. बाई ओला कपडा टाकायला जाते, चिकटते. नवरा धावतो, तिला धरतो, तोही जातो. मागून मुलगा येतो. हे सगळे प्रेमाने धावलेले असतात, आणि मेन स्विच हातभर अंतरावर असतो.

दुसरा शॉक नोकरीतला. त्याबद्दल मी घरी कधी सविस्तर बोललो नाही. कमी दाबाच्या एलटी लाइनचा जंप तुटला होता. परमिट घेतलं होतं, सप्लाय बंद करून खात्री केली होती. त्या काळी एलटी लाइनवर काम करताना दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड टाकायची रीत आमच्याकडे नव्हती. मी बेल्ट लावून वर गेलो. पुढच्या चौकात एका कार्यालयात लग्न होतं. लाइट गेली म्हणून त्यांनी जनरेटर चालू केला. चेंजओव्हर स्विच नव्हता, जनरेटरची वायर सरळ मेनबोर्डात खोचलेली. तो करंट उलटा लाइनवर आला आणि मी जंप धरलेला होता.

लोक म्हणतात झटका बसतो. मला झटका जाणवला नाही. सगळं अंग एकदम कुणी तरी आवळून धरलं. जबडा मिटला. खाली उभा असलेला सोबती मला दिसत होता, तो विडी पेटवत होता, आणि त्याला हाक मारायची होती पण छातीतून हवाच निघेना. शॉक बसलेला माणूस ओरडतोच असं नाही, हे मी तिथे शिकलो. खांबावर माणूस गप्प झाला तर खालच्याने वर बघितलंच पाहिजे. माझा पाय सरकला, अंगाचा भार बेल्टवर आला आणि त्या हिसक्याने हात सुटला. खाली आणल्यावर बोटाच्या पेरावर मुगाएवढा पांढरा डाग होता, बस. डॉक्टरांनी मात्र ईसीजी काढून रात्रभर ठेवून घेतलं. त्यांचं बरोबर होतं. विजेची जखम कातडीवर छोटी आणि आत खोल असते. ठोका काही तासांनीही बिघडू शकतो. लघवी काळपट झाली तर स्नायू जळून मूत्रपिंडावर ताण आला आहे असं समजायचं. तुझा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता ना? मग उद्याच्या उद्या जाऊन ईसीजी काढ. हसणाऱ्यांना हसू दे.

उलट्या करंटचं आणखी एक लक्षात ठेव. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. खालून दोनशे तीस दिले तर वरच्या बाजूला अकरा हजार उभे राहतात. गावातला एक जनरेटर, एक चुकीचा इन्व्हर्टर, आणि तू बंद समजलेली उच्च दाबाची एचटी लाइन जिवंत. गणपतीत, लग्नसराईत, आणि आता छपराछपरावर सोलर आलं आहे तेव्हा तर बाराही महिने हे ध्यानात ठेवायला हवं. म्हणून बंद केलेली लाइन बंद धरायची नाही. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघ, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळेत टेस्टरच मेला नाही ना, हे त्याशिवाय कळत नाही. एचटीला खिशातला निऑन टेस्टर चुकूनही नेऊ नकोस. त्याचा वेगळा डिटेक्टर असतो. मग कामाच्या दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड टाकून तारा शॉर्ट करून अर्थ कर. जी तार अर्थ केलेली नाही ती चालू आहे, असं मनाशी धर. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून रॉड न टाकणारे ज्येष्ठ तुला भेटतील. त्यांना काका म्हण, त्यांचा मान ठेव, आणि रॉड टाक.

आता दुसरा माणूस चिकटलेला दिसला तर काय करायचं. पहिली धाव स्विचकडे, माणसाकडे नाही. घरगुती लाइन असेल आणि स्विच सापडत नसेल तर कोरडं लाकूड, प्लॅस्टिकची खुर्ची, काही तरी घेऊन त्याला तारेपासून सोडव. एचटी असेल तर कोरडी काठीही वाचवत नाही. सबस्टेशनला फोन करून फीडर बंद करायला लावल्याशिवाय जवळ जायचं नाही. तार जमिनीवर पडली असेल तर मातीतही करंट पसरलेला असतो. पावलं जेवढी लांब, तेवढा दोन पायांतला व्होल्टेजचा फरक मोठा. म्हशी, बैल खांबाजवळ पटकन मरतात ते त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांतल्या अंतरामुळे. आपण पाय जोडून, न उचलता सरपटत मागे यायचं.

तो सुटला आणि श्वास घेत नसेल तर तिथेच, मातीवर, लगेच छाती दाबायला सुरुवात कर. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. शिकला असशील तर तीस दाबांमागे दोन श्वास. दुसऱ्याला एकशे आठ लावायला सांग. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

ही छाती दाबण्याची पद्धत कुठून आली ते तुला माहीत असायला हवं, कारण ती आपल्या लोकांमुळे आली. अमेरिकेत शॉक बसून लाइनमन मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन यांनी ते काम केलं. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. १९६० साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. आज रस्त्यात कोसळलेला कुणीही माणूस तिने वाचू शकतो. १९६७ साली फ्लोरिडात खांबावरच लटकलेल्या एका लाइनमनला त्याच्या सोबत्याने तोंडाने श्वास दिला. त्या क्षणाचा फोटो निघाला आणि त्या फोटोला पुलित्झर मिळालं. तो लाइनमन पुढे पस्तीस वर्षं जगला. आपल्या सबस्टेशनच्या भिंतीवर शॉकच्या उपचाराचा तक्ता टांगलेला असतो. १९५६ च्या नियमांपासून तो स्थानिक भाषेत लावणं सक्तीचं आहे. तुमच्याकडचा तक्ता पुसून वाच. त्यात पालथं झोपवून पाठ दाबायची जुनी चित्रं असतील तर साहेबांना सांगून नवा मागव, आणि सरावासाठी कुणा डॉक्टरांना बोलाव. तक्ता वाचून हात बसत नाही.

शेवटी तुझ्या शॉककडे येतो. जागेवर कुणी मेला की पंचनामा होतो. तू वाचलेल्याचा कर. एक वही घे. किटकॅट फ्यूजची चिनी माती तडकली होती का? पेटीच्या बॉडीला अर्थची पट्टी होती का, की चोरीला गेली होती? ट्रान्सफॉर्मरचा एबी स्विच उघडला होता का, आणि उघडला असेल तर तिन्ही पाती खरोखर बाहेर आली होती का, हे खालून बघितलं होतंस का? जंग चढलेल्या स्विचचं एक पातं आतच राहतं, हँडल मात्र पूर्ण खाली आलेलं दिसतं. हातमोजे कुठे होते? ते फुगवून भोक बघितलं होतं का? पाऊस होता का, पायाखाली काय होतं? उत्तर सापडेल ते लिही आणि तोंडी न सांगता अर्ज करून वर कळव. पोच घे. त्या पेटीवर उद्या दुसरा कुणी पोरगा हात घालणार आहे.

ईसीजीचा कागद आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो मला पाठव. रविवारी सकाळी फोन करतो. तोपर्यंत त्या डीपीवर एकटा जाऊ नकोस.

तुझा,
मामा