आराखड्यावाचून जहाज : बेपूरची उरू-बांधणी

केरळमधील कोझिकोड शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवर चालियार नदी अरबी समुद्रास मिळते. नदीमुखाच्या उत्तर तीरावर बेपूर हे जुने बंदर वसले आहे. येथे नदीकाठी, नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या उंच मांडवाखाली, शतकानुशतके मोठी लाकडी जहाजे बांधली गेली. या जहाजांना मल्याळम भाषेत ‘उरू’ म्हणतात. पाश्चात्त्य लेखक अशा सर्व नौकांना सरसकट ‘धाऊ’ हे नाव देतात.

उरूची लांबी शंभर फुटांहून अधिक असू शकते. असे असूनही तिच्या कार्यशाळेत प्रवेश करणाऱ्याला प्रथम जाणवते ते तेथील साहित्याचे अल्पत्व. भव्य यंत्रे नाहीत, दगडी गोदी नाही. काही डझन कारागीर, करवती, वाकस, पटाशी, सामता, ओळंबा आणि दोरी एवढ्यावर काम चालते. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे तेथे परंपरेने कागदावरचा आराखडा नसतो. जहाजाची सर्व मापे मुख्य सुताराच्या, म्हणजे मेस्त्रीच्या, मनात असतात.

आराखडा नसताना एवढे मोठे जहाज दोन्ही बाजूंनी सारखे, जलाभेद्य आणि समुद्रात तोल राखणारे कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसून येते की, येथे आराखड्याची उणीव नाही. आराखड्याचे कार्य दुसऱ्याच रीतीने पार पाडले जाते.

लाकडाची निवड

मालकाने जहाजाची लांबी आणि उपयोग सांगितला की मेस्त्रीचे काम लाकडाच्या वखारीत सुरू होते. कण्यासाठी लांब व सरळ खोड हवे असते, तर बाजूच्या तख्तपोशीसाठी चिरून फळ्या काढता येतील असे ओंडके लागतात. जहाजाच्या आतील बरगड्यांसाठी मात्र वाकडे लाकूडच उत्तम. सरळ तुळईतून वक्र तुकडा कापला तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात आणि तो तुकडा आघाताने फुटतो. नैसर्गिकरीत्या वाकलेल्या फांदीत तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. म्हणून सामान्य सुतार जे लाकूड टाकून देईल, ते जहाज बांधणारा हौसेने उचलतो. कोणती फांदी जहाजाच्या कोणत्या जागी बसेल, हे त्याला ती पाहतानाच उमगते.

बेपूरला या बाबतीत निसर्गाची साथ लाभली. चालियारच्या वरच्या खोऱ्यात निलंबूर आहे. मलबारचे कलेक्टर कॉनली यांच्या पुढाकाराने आणि चातु मेनन यांच्या देखरेखीखाली 1840 नंतरच्या काही वर्षांत तेथे सागाची लागवड झाली. जगातील पहिल्या नियोजित सागवनांत तिची गणना होते. ओंडके नदीच्या प्रवाहावर सोडून खाली आणता येत.

सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो पाण्यात सहजी कुजत नाही, आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा दीर्घकाळ टिकतो. युरोपातील ओक लाकडातील आम्ल लोखंडाला खाते. सागाचा तसा दोष नाही. मुंबईत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत पाहावयास मिळते. सागाच्या टिकाऊपणाचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

आधी कवच, मग सांगाडा

लाकडी जहाज बांधण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत कण्यावर प्रथम सर्व बरगड्या उभारतात आणि मग त्यांवर फळ्या ठोकतात. मध्ययुगाच्या अखेरीपासून युरोपातील मोठ्या जहाजांसाठी ही पद्धत रूढ होत गेली. येथे जहाजाचा आकार बरगड्यांनी ठरतो. म्हणून प्रत्येक बरगडीचे वळण आधीच अचूक ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी साचे किंवा रेखाटने आवश्यक होतात.

दुसरी पद्धत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर प्राचीन काळापासून चालत आली, आणि उरू याच परंपरेतील आहे. प्रथम कणा ठेवतात. त्याच्या एका टोकास नाळेचा आणि दुसऱ्या टोकास मागील बाजूचा खांब उभारतात. नंतर कण्यालगतची पहिली फळी बसवितात, तिच्या कडेला दुसरी, तिच्यावर तिसरी. अशा रीतीने बाहेरचे कवच वाढत जाते, आणि तयार झालेल्या कवचाला आतून टेकतील अशा बेताने बरगड्या तासून बसवितात. येथे आकार ठरतो तो फळ्यांनी. फळी आचेवर तापवून, ओली ठेवून, दोऱ्या आणि शिकंजे यांच्या साह्याने हळूहळू वाकविली जाते. लाकूड किती वाकेल आणि कोठे विरोध करील, हे कारागिराच्या हाताला कळते. तुटू न देता वाकलेली फळी जो डौलदार वळसा घेते, तोच पुष्कळदा पाणी कापण्यासही योग्य ठरतो.

दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याची युक्ती सोपी आहे. कण्याच्या मध्यरेषेवर दोरी ताणतात आणि ओळंबा सोडून प्रत्येक टप्प्यावर डावे-उजवे अंतर मोजतात. एका बाजूची फळी बसली की तिच्या जोडीची फळी दुसऱ्या बाजूस बसते. त्यामुळे चूक झालीच तर ती एका फळीपुरती राहते व तेथेच सुधारता येते. कण्याच्या लांबीवरून रुंदी, उंची आणि खांबांचा कल यांची प्रमाणे मेस्त्री मनात काढतो. प्रमाणे परंपरेची असतात; त्यांत किती फेरफार करावा, हे मालकाची गरज आणि हाती आलेले लाकूड ठरविते. यामुळेच कोणत्याही दोन उरू तंतोतंत सारख्या नसतात.

सांधे आणि खिळे

फळ्यांमधील फटी तेलात भिजविलेल्या कापसाने ठासून भरतात. जहाज पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगते आणि भरण घट्ट आवळले जाते. म्हणून फट भरताना उद्याच्या ओल्या लाकडाचा विचार करावा लागतो. भरण फार सैल झाले तर पाणी शिरते, आणि प्रमाणाबाहेर ठासले तर फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटून खिळ्यांवर ताण आणतात.

लोखंडी खिळ्यांचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी या समुद्रातील जहाजे काथ्याच्या दोरीने शिवली जात. ही विद्या अगदी लुप्त झालेली नाही. 1980 मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानमधील सूर येथे ‘सोहार’ हे शिवलेले जहाज बांधविले. त्याचे लाकूड मलबारातून नेले होते आणि शिवण्याचे काम भारतीय कारागिरांनी केले. हे जहाज 1981 मध्ये चीनमधील कँटन बंदरास पोहोचले. पुढे भारतीय नौदलासाठी अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राच्या आधारे पाचव्या शतकातील धर्तीचे शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांनी त्या कामाचे नेतृत्व केले, आणि मे 2025 मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवार येथे नौदलात दाखल झाले. जुन्या जहाजाचा आराखडा कोठेच उपलब्ध नव्हता. चित्राने बाह्य रूप दिले आणि आधुनिक प्रयोगशाळेने प्रतिकृतीची चाचणी घेतली. पण फळीला फळी कशी शिवावी, हे हातांनाच ठाऊक होते.

पाण्यात उतरविणे

जहाज पूर्ण झाल्यावर ते पाण्यात नेण्याचे काम खलाशांकडे जाते. बेपूरचे मापिळा खलाशी यात निष्णात मानले जातात. लाकडी रूळ, जाड दोर, कप्प्या आणि हातांनी फिरवावयाचा उभा रहाट ही त्यांची साधने. एका ताला-सुरात आरोळी देत ते रहाटाच्या दांड्या ढकलतात आणि जहाज इंचाइंचाने पुढे सरकते.

या साधनांची शक्ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. रहाटाच्या दांडीची लांबी 6 फूट आणि दोर गुंडाळणाऱ्या खांबाची त्रिज्या अर्धा फूट असेल, तर माणसाचे बळ 12 पट होते. दोर चौपट फायदा देणाऱ्या कप्प्यांतून गेला तर ते 48 पट होते. वीस माणसांनी प्रत्येकी 20 किलोग्रॅमचा जोर लावला, तर एकूण ओढ सुमारे 19 टन होईल. घर्षणात निम्मी वाया गेली तरी 9 टनांहून अधिक उरते. चरबी लावलेल्या मार्गावरील भल्यामोठ्या जहाजास हलविण्यास ती उपयोगी पडते.

1988 मध्ये पेरुमण येथे आगगाडीचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते वर काढण्याच्या कामीही या खलाशांचे साह्य घेण्यात आले होते.

विद्येचे भवितव्य

उरू ही नेहमीच मागणीनुसार बांधली जाते. तयार करून विक्रीस ठेवली जात नाही. पूर्वी अरबी व्यापारी मालवाहतुकीसाठी तिची मागणी करीत. पुढे पोलादी जहाजांनी ती वाहतूक बळकावली. आखाती देशांतील धनिकांकडून विहारनौकांसाठी मागणी येत राहिली, परंतु कामे तुरळक झाली. दोन कामांच्या मधल्या काळात सुतारांना घरबांधणीकडे किंवा परदेशी नोकरीकडे वळावे लागते.

खरा धोका येथेच आहे. जी विद्या कागदावर नाही, ती शिकण्यासाठी जहाज बांधले जात असावे लागते. शिकाऊ सुताराने कणा ठेवण्यापासून जहाज पाण्यात उतरेपर्यंतचा संपूर्ण क्रम अनेकदा पाहिला, त्यात हात घातला, तरच तो मेस्त्री होऊ शकतो. मोठ्या उरूस वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. मध्ये दहा वर्षांचा खंड पडला तर एका पिढीचे शिक्षण बुडते.

तयार जहाजाची मापे घेऊन त्याचे रेखाटन करणे अवघड नाही, आणि ते अवश्य केले पाहिजे. मात्र त्या रेखाटनातून जहाजाचा आकार कळेल. एखादी फळी त्याच जागी का वाकविली आणि वखारीतील शेकडो ओंडक्यांतून तोच वाकडा ओंडका का उचलला, हे त्यातून कळणार नाही. ते निर्णय मेस्त्री काम करताना घेत असतो. म्हणून वस्तुसंग्रहालयात एक उरू जतन करण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व नदीकाठी नवा कणा ठेवला जाण्यास आहे.