गोळीतला गूळ



१५ ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदन होतं आणि पोरांच्या हातावर दोन-दोन लिमलेटच्या गोळ्या पडतात. घरी आल्यावर नातू सांगतो, "आबाजी, मले दोन चाकलेटं भेटले." आता त्या गोळीचं वेष्टन जरा वाचून पाहा. बहुतेक वेळा त्यात कोकोचं नावही नसतं. घटकांच्या यादीत पहिलं नाव असतं साखरेचं. हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे त्या गोळीत सर्वांत जास्त साखरच. माल ऊसवाल्याचा आणि नाव कोकोवाल्याचं! म्हणून या अंकात 'गोळी' या शब्दाची थोडी ओळख करून घेऊ.

गोळी म्हणजे लहान गोळा. संस्कृत 'गोल' वरून हा शब्द आला. आकारावरून नाव पडलं, म्हणून औषधाचीही गोळी आणि बंदुकीचीही गोळीच. पण खरी गंमत पुढं आहे. आपला 'गूळ' हाही आकारावरूनच पडलेला शब्द. संस्कृत 'गुड' म्हणजे चेंडू, गोळा. रस आटवून त्याचा गोळा वळला, तो गुड. मराठीत येताना 'ड' चा 'ळ' झाला. षोडश चं सोळा झालं, तडागचं तळं झालं, तसा गुडचा गूळ झाला. आपल्याकडे आजही गुळाची भेली किंवा ढेप म्हणतात, तीही गोळाच.

सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या 'शार्ङ्गधरसंहिता' या वैद्यकाच्या ग्रंथात औषधी गोळीची नावं दिली आहेत. वटी, गुटिका, मोदक, पिंडी यांच्या रांगेत 'गुड' हेही एक नाव आहे. वटीवरून आपली वडी आली, आलेपाकाची वडी तीच. गुटीवरून लहान लेकराची बाळगुटी आली. याच ग्रंथात मापही सांगितलं आहे: वटी करताना चुर्णाच्या दुप्पट गूळ किंवा चौपट साखर घ्यावी. म्हणजे एक तोळा चूर्ण असेल, तर दोन तोळे गूळ किंवा चार तोळे साखर. गूळ चिकट, म्हणून तो चूर्ण बांधून धरतो आणि कडूपणाही झाकतो. वैद्याची गोळी उभी राहिली ती उसाच्या जोरावर.

परदेशातही नावं आकारावरूनच पडली. घसा दुखला की चघळतात ती 'लॉझेंज'. या शब्दाचा मूळ अर्थ शंकरपाळ्यासारखा चौकोन. 'कँडी' मात्र इथूनच गेली. 'खंड' म्हणजे तुकडा, त्याची खांड झाली, फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी' आणि तिथून युरोपात. साखर म्हणजे 'शर्करा', मूळ अर्थ खडे, रेती. तीही नाव घेऊनच जगभर फिरली.

आपल्या मायबहिणींना ही विद्या नवी नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि त्याची मऊ गोळी वळली, की पाक 'गोळीबंद' झाला. तो आणखी आटवून १५० अंशांच्या आसपास नेला, की थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो. तीच आपली लिमलेटची गोळी.

नावात काय आहे, असं कोणी विचारील. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. वालचंद हिराचंद यांनी तिथं १९३३ साली साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या होऊ लागल्या. २०२४ साली त्या कंपनीनं 'पान पसंद', 'मँगो मूड' अशी नावं आणि गोळ्यांच्या कृती २७ कोटी रुपयांना विकल्या. जमीन, इमारती, यंत्रं त्यात नव्हती. विकली गेली ती नावं आणि कृती!

आपण पोत्यानं साखर विकतो. तिला आकार आणि नाव दिलं, की तीच तोळ्यानं विकली जाते. पोफाळी, पुसद, महागावकडचा ऊसवाला हे लक्षात ठेवील, तर उद्या त्याचा पोरगा गुळाच्या लहान वड्या, आलेपाक, खडीसाखर आपल्या गावाच्या नावानं विकायचा विचार करील. तोपर्यंत एक बिनखर्चाचं काम करू. नातवानं "चाकलेट" म्हटलं, की वेष्टन त्याच्याकडून वाचून घ्या आणि सांगा, "बाबू, ही गोळी हाये. अन् इच्यातली साखर उसाची हाये."