सारख्यातील वेगळेपण : स्प्रिंगटेलची ओळख

‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द दिसायला जवळजवळ सारखे. पण एका वेलांटीने अर्थ पार बदलतो. प्राणिसृष्टीतही अशा वेलांट्या असतात. त्या कशा वाचाव्यात, हे मातीतील एका इवल्याशा जीवाच्या उदाहरणाने सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

वळसंगच्या रानात पावसाळ्यात शेणखताच्या ढिगाखालची ओली माती मी काळ्या कागदावर पसरून पाहतो. एक-दोन मिलिमीटर लांबीचे पांढरे ठिपके हलू लागतात. काही टुणकन उडतात. हेच स्प्रिंगटेल. पाय सहा असले तरी आज त्यांना कीटकांत धरीत नाहीत, कारण त्यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात. पोटाच्या चौथ्या खंडाला बेचक्यासारखा अवयव असतो. तो पुढे दुमडून तिसऱ्या खंडावरील आकड्यात अडकविलेला असतो. आकडा सुटला की बेचके जमिनीवर आपटते आणि प्राणी उडतो. पहिल्या खंडाखाली एक नळी असते. तिच्यावरूनच जॉन लबक यांनी या गटाला ‘कोलेम्बोला’ हे नाव दिले. त्यांचा या प्राण्यांवरील ग्रंथ १८७३ साली निघाला. विशेष म्हणजे हे गृहस्थ व्यवसायाने पेढीवाले होते!

शरीर लांबट की गोल, अंगावर खवले आहेत की नाहीत, एका बाजूस डोळे किती (जास्तीत जास्त आठ), यावरून मोठे गट पाडता येतात. खरी कसोटी पुढे लागते. ‘फॉल्सोमिया’ या प्रजातीची खूण म्हणजे पोटाचे शेवटचे तीन खंड एकमेकांस जोडलेले असणे. तिच्यातील ‘कँडिडा’ आणि ‘फिमेटारिया’ या दोन्ही जाती पांढऱ्या, दोन्ही आंधळ्या. मग भेद कशावरून करावयाचा? आकारावरून नव्हे, कारण प्रौढ झाल्यावरही हे प्राणी कात टाकीतच राहतात. इतर जातींत रंगाचा आधार मिळतो, पण स्पिरिटमध्ये तोही पुष्कळदा फिका पडतो. म्हणून प्राणी लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि बेचक्याच्या बुडाशी खालच्या अंगास असलेले रोम मोजतात. शृंगिकेमागील सूक्ष्म अवयवाचा आकारही पाहतात. तुलना मात्र प्रौढाची प्रौढाशीच हवी. आपल्याकडे एस. के. मित्रा यांनी ‘सालिना’ या प्रजातीच्या भारतीय जातींचा अभ्यास अशाच रोमरचनेच्या आधारे केला.

‘इतका काथ्याकूट कशासाठी?’ असे कोणी विचारील. मातीत मिसळलेल्या रसायनांचा विषारीपणा तपासण्यासाठी या दोन्ही जाती वापरतात. २००९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धतीत दोहोंना मान्यता आहे. परंतु कँडिडाच्या माद्या सामान्यतः नराविनाच प्रजा देतात, तर फिमेटारियास नर-मादी दोन्ही लागतात. चाचणीत पिल्ले मोजावयाची असतात. जात ओळखण्यात घोटाळा झाला तर मोजणीला अर्थ उरत नाही, आणि त्या मोजणीवर ज्याच्या शेतातील औषधाचा निर्णय व्हावयाचा, त्या शेतकऱ्याचीच फसगत होते.

अलीकडे जनुकीय तपासणीने रूपाने एकच वाटणाऱ्या जातींतही निरनिराळ्या शाखा दाखविल्या आहेत. तरीही पहिली पायरी रूपाचीच. माझ्या कुपीवर म्हणूनच आधी स्थळ, तारीख आणि मातीचा प्रकार लिहिला जातो. जातीचे नाव रोम मोजल्यानंतर. चटकन डोळ्यांत भरणारी खूण बहुधा फसवी असते. भरवसा ठेवावा तो स्थिर खुणेवर, आणि तोही एकीवर नव्हे, अनेकींच्या मेळावर.