नावेचे बूच हरवले तर?



आपले इस्लापूर पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. सहस्रकुंडचा धबधबा आपल्याला जवळचा. नदीवर आणि तळ्यांवर छोट्या नावेतून मासे धरणारे लोक तुम्ही पाहिले असतील. जुन्या लाकडी डोंग्याला तळाशी भोक नसते. पाणी साचले की ते डब्याने उपसायचे, नाहीतर डोंगा कलता करायचा. पण पत्र्याच्या व फायबरच्या अनेक नावांना मागच्या बाजूला, अगदी खाली, एक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यात जे बसवतात ते बूच. कोणी त्याला गुडदी म्हणतात.

नावेला भोक कशाला?

बघा बरं गणित करून. 3 मीटर लांब व 1 मीटर रुंद नाव काठावर उघडी ठेवली आणि रात्रीतून 5 सेंटीमीटर पाऊस झाला. 3 × 1 × 0.05 = 0.15 घनमीटर, म्हणजे 150 लिटर पाणी. त्याचे वजन 150 किलो. एवढी जड नाव दोघांनाही ओढवणार नाही. बूच काढले की पाणी आपोआप वाहून जाते. म्हणून काठावर बूच काढायचे आणि पाण्यात जाण्याआधी लावायचे. जाणती माणसं सांगतात, "पोरा, आधी बूच बघ, मंग नाव लोट."

बूच नसेल तर किती पाणी येते?

समजा भोक 28 मिलिमीटर रुंद आहे आणि ते पाण्याच्या पातळीखाली 20 सेंटीमीटर आहे. अशा भोकातून दर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर पाणी आत येते. म्हणजे पंधरा लिटरची घागर वीस सेकंदांत भरते! एका मिनिटात चाळीस लिटरांहून जास्त. एकटा माणूस जाळे सांभाळत एवढे पाणी उपसू शकत नाही. नाव जड होते, खाली बसते, आणि काठावरून पाणी आत येऊ लागते.

पण गंमत अशी, की त्या भोकावर पाण्याचा जोर किती असतो? फक्त सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तळहाताने सहज दाबून धरता येतो. म्हणजे चांगले बसलेले बूच पाण्याच्या जोराने निघत नाही. ते झिजल्यामुळे, वाळून आकसल्यामुळे किंवा पाय, जाळे अडकल्यामुळे निघते.

नवे बूच कसे शोधावे?

1. आधी माप घ्या. कागदाची पट्टी गोल करून भोकात आतून चिकटवा. टोके जिथे मिळतात तिथे खूण करा. पट्टी सरळ करून मोजा. ती 88 मिलिमीटर भरली, तर 88 × 7 ÷ 22 = 28. हा झाला भोकाचा व्यास. पाचवीच्या मुलांना हे जमेल.

2. भोकात आटे आहेत का ते बोटाने पाहा. आटे असतील तर जुने बूच किंवा त्याचा तुकडा दुकानात घेऊन जा. नुसते माप सांगून भागत नाही. नळाच्या सामानात 'अर्धा इंची' म्हणतात त्याचे आटे बाहेरून सुमारे 21 मिलिमीटर असतात आणि 'पाऊण इंची'चे सुमारे 26. नाव एक, माप दुसरे! न जुळणारे बूच जबरदस्तीने पिळू नका, नावेचे आटे कायमचे जातात. लोखंडी बूच गंजते, पितळी टिकते.

3. आटे नसतील तर रबरी किंवा लाकडी बूच चालते. लाकडी बूच सुतार घडवून देईल. 28 मिलिमीटरच्या भोकासाठी टोक 24, डोके 34 आणि लांबी 8 ते 10 सेंटीमीटर ठेवावी. लाकूड वाळलेले घ्यावे, कारण ते पाण्यात फुगते व घट्ट बसते. म्हणूनच कोरडे बूच हातोड्याने फार ठोकू नये, फुगल्यावर नावेला तडा जाईल.

4. बूच आतून बसवावे. बाहेरून बसवले तर पाणी त्याला आणखी दाबते हे खरे, पण आपल्या नदीत खडक फार. नाव ओढताना ते घासून निघेल, आणि नदीच्या मध्यावर त्याला हात पोचणार नाही.

परीक्षा काठावरच घ्या

नाव काठावर ठेवून आत चार बादल्या पाणी ओता. बुचाभोवती बाहेरून थेंब गळतात का पाहा. गळत असेल तर नाव पाण्यात घालू नका. बुचाला दोरी बांधून दुसरे टोक नावेच्या कडीला बांधा, म्हणजे ते हरवत नाही. एक जादा बूच नावेत असू द्या. त्याला लाल रंग दिला तर चिखलातही दिसते.

बूच मध्येच निघाले तर

सर्वांनी एकदम उभे राहू नये. एकाने तळहात किंवा टाच भोकावर दाबावी, मग कापडाचा घट्ट बोळा बसवावा. दुसऱ्याने पाणी उपसावे. नाव जवळच्या काठाला न्यावी, घराकडच्या नव्हे. बोळा हा काठापर्यंतचा उपाय आहे, त्याच्यावर पुन्हा मासे धरायला जाऊ नये. पुराच्या दिवसांत आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला तर नाव घालूच नये.

करून पाहा

रिकाम्या डब्याच्या बुडाशी मोठ्यांकडून खिळ्याने भोक पाडून घ्या. डब्यात छोटा दगड ठेवून तो बादलीत सोडा. किती आकडे मोजेपर्यंत बुडतो? आता गाजराचे बूच करून भोकात बसवा आणि पुन्हा मोजा.

पालकांना विनंती : ज्यांच्या घरी नाव आहे त्यांनी आज घरी गेल्यावर बूच हातात घेऊन पाहावे. ते झिजले असेल तर बाजाराच्या दिवशी नवे आणावे. सुताराकडून घडवलेले बूच थोड्या पैशांत होते, पण घरचा माणूस रोज त्याच्याच भरवशावर पाण्यात जातो.