'अनलिमिटेड' इंटरनेटची मर्यादा : करार वाचताना काय पाहावे?

आमच्या ओळखीचे एक छपाईवाले आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, पिशव्यांवरील छपाई असा त्यांचा धंदा. घरातच संगणक, खाली दुकान. महिन्याच्या २५ तारखेला अचानक त्यांचे इंटरनेट रांगू लागले. गिऱ्हाइकाची फाईल उतरेना, प्रेसकडे डिझाईन जाईना. तंत्रज्ञ आला, तार तपासून गेला. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी १,८०० रुपयांचा नवा राऊटर आणला. फरक शून्य. दोन पत्रिकांचे काम हातचे गेले आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला, काहीही न करता, इंटरनेट पूर्ववत धावू लागले. बिघाड कुठेच नव्हता. त्यांच्या 'अनलिमिटेड' योजनेत एक मर्यादा होती आणि ती २५ तारखेला संपली होती, इतकेच.

ही मर्यादा 'फेअर युसेज पॉलिसी' या नावाने ओळखली जाते. व्यापारी बांधवांपैकी ज्यांच्या दुकानात किंवा कारखान्यात ब्रॉडबँड आहे, त्यांनी हा विषय एकदा नीट समजून घेणे गरजेचे आहे. कारण जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, मालाचे फोटो, दुकानातील कॅमेरे हे सारे आता त्याच एका तारेवर अवलंबून आहे.

मर्यादा का घालतात?

चाळीच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी एक, नळ पन्नास. सगळे नळ एकाच वेळी सुरू राहणार नाहीत, या हिशेबानेच टाकी बांधलेली असते. इंटरनेट कंपनीही तेच करते. प्रत्येक गिऱ्हाइकाला १०० एमबीपीएस वेग विकते, पण सर्वांचा मिळून जेवढा वेग होतो तेवढी क्षमता ती घेत नाही. चोवीस तास नळ उघडा ठेवणारा एखादा निघाला की बाकीच्यांचे पाणी कमी पडते. म्हणून मर्यादा. या कारणात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आमची तक्रार मर्यादेबद्दल नाही. तक्रार आहे ती पाटीवर 'अनलिमिटेड' लिहून मर्यादा करारातील बारीक अक्षरांत ठेवण्याबद्दल. कापडाचा व्यापारी थानावर एक माप लिहून आत दुसरे भरेल, तर त्याच्याशी पुन्हा कोण व्यवहार करील?

आता हिशेब

वेग 'बिट'मध्ये सांगतात आणि वापर 'बाईट'मध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणून १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तर सेकंदाला १२.५ एमबी माल येतो. हीच जोडणी ३० दिवस अखंड वापरली तर ३२,४०० जीबी होतात. २०२० नंतर आपल्याकडील मोठ्या कंपन्यांच्या अनेक 'अनलिमिटेड' फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा आढळते. म्हणजे जेवढे विकले असे वाटते, त्याचा साधारण दहावा भाग. पूर्ण वेगाने वापरल्यास ही मर्यादा ७३ तासांत, जेमतेम तीन दिवसांत संपते.

सामान्य दुकानाला ३,३०० जीबी पुरून उरतात, हे खरेच आहे. बिले, फोटो, थोडेफार व्हिडिओ यांना कितीसे लागणार? गोम आहे ती कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याचे चित्रण दुकानातल्याच रेकॉर्डरवर साठत असेल तर इंटरनेट खर्च होत नाही. परंतु ते कंपनीच्या दूरच्या साठवणुकीत, म्हणजे क्लाउडवर, सतत जात असेल तर ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी पाठवतो. असे चार कॅमेरे लावले की महिन्याचे ५,१८४ जीबी झाले. मर्यादा विसाव्या दिवशीच संपली! तेच चार कॅमेरे १ एमबीपीएसवर ठेवले तर महिन्याला १,२९६ जीबी लागतात. कॅमेरे बसवणाऱ्याला हा एक प्रश्न आधीच विचारावा. तसेच योजनेत पाठवलेला आणि उतरवलेला डेटा एकत्र मोजतात की नाही, हेही विचारावे. अनेक योजनांत तो एकत्रच मोजतात.

मर्यादा संपल्यावर जोडणी बंद पडत नाही, वेग उतरतो. ५१२ केबीपीएस वेग उरला तर सेकंदाला ६४ केबी. यूपीआयचे पैसे येतील, चिठ्ठीवजा संदेश जातील, बिलही निघेल. पण १०० एमबीची डिझाईन फाईल, जी एरवी आठ सेकंदांत येते, तिला २६ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. किराणा दुकानदाराला याची झळ कमी बसेल. भरतकामाचे नमुने संगणकावर बनवणारा, छपाईवाला, फोटो स्टुडिओवाला यांचा मात्र धंदाच थांबेल.

सरकारी नियंत्रण

या प्रकरणात दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी दोन महत्त्वाचे निर्देश दिले. जुलै २०१२ मध्ये त्यांनी कंपन्यांना सांगितले की किती जीबीपर्यंत कोणता वेग आणि त्यानंतर कोणता, हे जाहिरातीत व संकेतस्थळावर स्पष्ट लिहावे. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात मर्यादेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसखाली नेऊ नये आणि ५०, ९० व १०० टक्के वापर झाल्यावर गिऱ्हाइकाला कळवावे, असे आले. ही सूचना नोंदवलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर येते. आमच्या छपाईवाल्यांचा नोंदवलेला क्रमांक दोन वर्षांपूर्वी बंद झालेला होता. सूचना आली असेलही, पण वाचणार कोण?

अमेरिकेतही हेच घडले, तेथे मोबाईल इंटरनेटबाबत. एटी अँड टी या कंपनीने 'अनलिमिटेड' गिऱ्हाइकांचा वेग २०११ पासून उतरवला, काहींचा तर महिन्यात केवळ २ जीबी वापरानंतर. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खटला भरला. ३५ लाखांहून अधिक गिऱ्हाइकांना झळ बसल्याचे त्यात म्हटले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि यापुढे मर्यादा ठळकपणे सांगण्याचे मान्य केले.

जोडणी घेताना

पाच वर्षांची मुदत, मोफत राऊटर, सोबत मनोरंजनाची चॅनेले, या गोष्टी नंतर पाहाव्यात. आधी तीन आकडे लेखी घ्यावेत : मर्यादा किती जीबीची, नंतरचा वेग किती आणि महिना कोणत्या तारखेपासून मोजतात. दलाल तोंडी 'सब अनलिमिटेड है सेठ' म्हणेल, त्यावर जाऊ नये.

घरगुती योजना दुकानात वापरणे स्वस्त पडते, पण बऱ्याच करारांत घरगुती जोडणीच्या व्यावसायिक वापराला मनाई असते. वाद झाला की कंपनी तेच कलम पुढे करते. व्यावसायिक योजना महाग दिसते, तथापि नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातला तर त्यावरील १८ टक्के कर सामान्यतः वजावटीस मिळू शकतो. तो धरून दोन्ही योजनांच्या किमतींची तुलना करावी.

वेग उतरला तर राऊटर विकत घेण्यापूर्वी कंपनीच्या ॲपवर महिन्याचा वापर पाहावा. मर्यादा शिल्लक असूनही वेग कमी असेल तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तेथे अर्ज पाठवून दिवस घालवू नयेत. ग्राहक आयोगाची वाट मात्र मोकळी आहे : दूरसंचार सेवेबाबतच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला आहे. तेथे जाताना जाहिरातीचा कागद, करार, बिले आणि तक्रार क्रमांक सोबत न्यावेत.