टोपणनावाबद्दल भाचीला

सीताबर्डी, नागपूर

चि. मुक्तास,

दिवाळी अंकाला कथा धाडताना खाली टोपणनाव घालू का, असं तू विचारलं आहेस. माझं म्हणणं, खुशाल घाल. मात्र लपायला जागा मिळाली या भरवशावर घालू नकोस. आपला वाचक कथेतल्या सासूला सोडून लेखिकेची सासू शोधत बसतो, आणि लिहिणारी बाई असली की या शोधाला ऊत येतो. हे ठाऊक असल्यामुळे ती मुळातच हात राखून लिहिते. टोपणनावाचा खरा उपयोग तिथे होतो: नाव छापलं जाण्याच्या कितीतरी आधी, कोऱ्या कागदापाशी.

विभावरी शिरूरकरांचंच बघ. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं, तेव्हा त्या बाळूताई खरे होत्या, अविवाहित होत्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामात होत्या. विषय होता शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनाचा आणि शरीराच्याही भुकेचा. त्या काळच्या बाळूताईंनी हे स्वतःच्या नावावर लिहिलं असतं, तर प्रत्येक कथा त्यांची कबुली म्हणून वाचली गेली असती. गदारोळ व्हायचा तो झालाच, पुढे नावही फुटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालती बेडेकर झाल्या, गुपित उरलं नाही, तरी १९५० साली ‘बळी’ विभावरी शिरूरकर याच नावानं आली. म्हणजे ते नाव नुसता बुरखा नव्हतं. कथा-कादंबरी लिहिणाऱ्या त्या बाईचंच ते नाव होऊन गेलं होतं. आपल्या नागपूरचे माणिक गोडघाटे कोण हे सगळ्यांना माहीत असूनही कविता ‘ग्रेस’चीच राहिली. गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून आणि नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, तेही काही कोणाला चुकवायला नव्हे.

याला कोणी भित्रेपणा म्हणेल. नाव लपवून शेजाऱ्याची अब्रू काढायची असेल तर तो भित्रेपणाच, किंबहुना त्याहून वाईट. पण भीतीपोटी कथाच मिळमिळीत करून ती खऱ्या नावानं छापणं, यात कसलं आलंय शौर्य? दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मराठीत आडनाव वाचलं की जात वाचली जाते. ते गाळलं तर वाचक पूर्वग्रह बाजूला ठेवतो, हे खरं. पण ज्यांच्या आडनावाला पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं त्यांनी ते का गाळावं? बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ला १९६३ मध्ये बागुलांचंच नाव हवं होतं. तुझ्या कथेचा जोर तुझ्या नावातच असेल, तर टोपणनावाचा नाद सोड. तुझी कथा घरातल्या बायकांची आहे, म्हणून मी दुसरीकडे झुकतो.

गुपित मात्र फार ताणू नकोस. फ्रान्सच्या रोमँ गारीला १९७५ साली एमिल आझार या नावावर दुसऱ्यांदा गोंकूर पारितोषिक मिळालं, आणि आझार म्हणून एका नातेवाइकाला लोकांपुढे उभं करावं लागलं. असली कसरत लिहिण्याचा वेळ खाते. शिवाय व्यवहारही आहे. आपल्या कायद्यात टोपणनावाच्या लेखनाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झालं, तर तो मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून कथेवर टोपणनाव घाल, पण संपादकांच्या पत्रात खरं नाव, पत्ता आणि मानधनासाठी बँकेचा तपशील स्पष्ट लिही. करार कधीही खऱ्या नावानंच कर.

आणि अंक बाजारात येण्याआधी ताईला कथा वाचायला दे. ती कोणी लिहिली हे तिला शेजारणीकडून कळायला नको.

तुझा,
मामा