हार्ड डिस्कची परीक्षा

चि. मंदार,

स्टुडिओसाठी घ्यायच्या चार हार्ड डिस्कचा तक्ता मिळाला. रकाने छान आखलेस, पण चारही डिस्कसमोर ६ जीबीपीएस लिहून त्यांना सारखे गुण दिलेस. अरे, तो वेग साटा जोडणीचा. त्या जोडणीतून सेकंदाला ६०० एमबीपर्यंत जाऊ शकतं खरं, पण फिरणारी तबकडी तेवढं देईल तेव्हा ना! चांगली डिस्कसुद्धा सलग वाचताना साधारण २०० ते २५० एमबीवर थांबते. तो रकाना सरळ खोडून टाक.

खरा हिशेब फिरण्याचा आहे. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. ५४०० ची असेल तर ५.६. शिवाय हेड योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. असे बारा-तेरा मिलिसेकंद दर खेपेला जाणार असतील, तर सेकंदाला जेमतेम ऐंशी खेपा होतात. प्रत्येक खेपेत ४ केबी वाचलं, तर हाती लागतात सुमारे ३२० केबी. अडीचशे एमबी मिरवणारी डिस्क इथे अर्ध्या एमबीलाही पोचत नाही! लग्नाच्या हजारो फोटोंचे थंबनेल उघडताना कॉम्प्युटर रडतो, तो यामुळेच.

म्हणून वेग मोजायला क्रिस्टलडिस्कमार्क चालवलंस की वरच्या ओळीतल्या ठसठशीत आकड्याला भुलू नकोस. तळाची आरएनडी४के क्यू१टी१ ही ओळ आधी बघ. वरची ओळ मोठा व्हिडिओ कॉपी करताना उपयोगी, तळाची रोजच्या कामाची. एसएसडी खरी पुढे जाते ती इथे. तिच्यात ना तबकडी फिरायची, ना हेड हलायचं.

फाइल स्वतः कॉपी करून वेळ मोजणार असशील, तर फाइल रॅमपेक्षा मोठी घे. नाहीतर दुसऱ्यांदा तीच फाइल वाचताना विंडोज ती रॅममधून देतं आणि डिस्कला फुकटचं श्रेय मिळतं. कोऱ्या डिस्कची परीक्षाही फसवी असते. डेटा तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून भरत जातो. तिथला पट्टा लांब, एका फेरीत जास्त डेटा येतो. आत जाऊ तसा वेग उतरतो आणि शेवटी निम्म्याच्या आसपास येतो. वेग मोजणाऱ्या एचडी ट्यूनचा आलेख डावीकडून उजवीकडे उतरताना दिसेल, त्याला घाबरू नकोस, तो दोष नव्हे. स्वस्त एसएसडीची तऱ्हा निराळी: सुरुवातीचे काही जीबी वाऱ्यासारखे जातात, आतली कॅश भरली की लिहिण्याचा वेग धाडकन पडतो. शंभर-दोनशे जीबी सलग लिहून बघितल्याशिवाय तिला शाबासकी देऊ नये.

तुझ्या तक्त्यात एक रकाना मात्र राहिलाय: एसएमआर की सीएमआर? सीएमआरमध्ये पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. चढवल्यामुळे जागा वाढते, पण मधला एखादा पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. वाचताना काही जाणवत नाही. सतत लिहू लागलास की डिस्क दमते. दुकानदार हे आपणहून सांगेल या भ्रमात राहू नकोस. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं गिऱ्हाइकांना नीट कळलं ते २०२० मध्ये, तेही बरीच ओरड झाल्यावर. नासवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीत, डिस्कांचा अॅरे पुन्हा उभारायची वेळ आली की अशी डिस्क घाम फोडते.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. ज्या मशीनवर एडिटिंग होतं तिथे एसएसडी लाव. जुनी लग्नं ठेवायला एकच महागडी वेगवान डिस्क घेऊ नकोस, त्याऐवजी दोन साध्या सीएमआर डिस्क घे. त्यातली एक घरी ठेव. ७२०० आणि ५४०० मधला फरक साठवणीच्या डिस्कला फारसा जाणवणार नाही, उलट ५४०० वाली कमी तापेल.

बिल करण्याआधी चारही डिस्कचे पूर्ण मॉडेल नंबर मला कळव. कंपनीच्या माहितीपत्रकात बघून त्यातल्या एसएमआर कोणत्या ते सांगतो.

तुझा,
मामा